पिंप कधी रिकामं करायचं नाही

११ जानेवारी, रविवार

पिंप विकणार! आमचं थोरलं पिंप!

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून बाझिलने सांगितलं. म्हातारी गाय विकायला काढल्यासारखं. "झ्युरिचचा एक हॉटेलवाला पिंप मागतोय. गावकीच्या घराचं छप्पर गळतंय. जूनमध्ये सभेत ठरवू." एवढं बोलला, टोपी घातली आणि चालता झाला. माझा सख्खा धाकटा भाऊ! त्याला गावकीचा कारभारी केला तेव्हाच मी म्हटलं होतं, ह्याला ही टोपी मोठी होणार.

सगळे बुटांवरचा बर्फ झटकत उभे. मी म्हटलं, "अरे, कुणी काही बोलणार आहे का?" तर सगळ्यांना एकदम घरी रस्सा उतू जाणार असल्याची आठवण झाली.

ते पिंप आजवर कधी रिकामं झालेलं नाही. वसंतात खाली सिएरजवळच्या गावकीच्या मळ्यात कुदळायला जायचं. शरदात रेझ जातीची द्राक्षं खुडायची. वाइन वर गावात आणायची — पूर्वी खेचरांवरून, आता ट्रकमधून — आणि तळघरातल्या धाकट्या पिंपात ओतायची. धाकट्यातली मग थोरल्यात. थोरल्यातून काढायची ती पेला-पेला, आणि काढली तेवढी लगेच भरायची. म्हणजे लार्चच्या त्या लाकडात तळाशी आजही पणजोबांच्या हातची वाइन आहे. हे मला शाळेत नाही, चुलीपुढे शिकवलं.

आणि तिचा एक थेंब माझ्या जिभेला लागलेला नाही. गावातल्या एकाही बाईच्या नाही. कुणी मनाई केली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं.

१२ जानेवारी

दिवसभर बर्फ. बाझिल खिडकीखालून गेला, वर बघितलं नाही. मी मुद्दाम पडदा सरकवून उभी होते!

१८ जानेवारी, रविवार

शेवटी मीच त्याच्याकडे गेले. चीज खरवडत बसला होता.

"बस. कॉफी घेशील?"

"कॉफी नको. डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला आले."

"छप्पर गळतंय, आलोडी."

"मग छप्पर वीक!"

हसला. लहानपणापासून असाच — हसून सुटतो. मी विचारलं, हॉटेलवाला पिंपाचं करणार काय? तर म्हणे, जेवणघरात काचेमागे ठेवणार. आतून दिवा लावणार.

"आणि प्यायची कुणी?"

"कुणीच नाही. नुसतं बघायचं."

हे सांगताना गडी खूश दिसला! पणजोबांची वाइन मत्स्यालयातल्या माशासारखी काचेत, आणि हा खूश! मी म्हटलं, जूनच्या सभेत तुझी टोपी उतरवते बघ. तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सभेत तुला बोलता यायचं नाही. कुरणाबद्दल बोल, जंगलाबद्दल बोल, पाटाच्या पाण्याबद्दल बोल, मत सगळ्यावर दे. पण पिंपाबद्दल, ज्याने त्यातली प्यायली आहे तोच बोलतो. नियम मी केलेला नाही."

दार आपटून आले. दार त्याचंच. मोडलं तर मोडू दे.

२ फेब्रुवारी

व्हिताल काकांकडे सणाची गोड धिरडी, क्रेप, घेऊन गेले. गावात सगळ्यांत म्हातारे, अजून ढोल वाजवतात. नियम कुणाला माहीत असेल तर त्यांना.

"काका, थोरल्या पिंपातली प्यायचा हक्क कुणाला?"

"मळ्यात कुदळायच्या दिवशी जो वेलांची आपली रांग पुरी करतो, त्याला. जूनमधल्या ख्रिस्तशरीराच्या सणाला कारभारी त्याला पेला देतो."

"जो पुरुष?"

"जो." क्रेप चघळत राहिले. "पुरुष असं कुणी म्हटलेलं नाही. बाई कुदळ घेऊन येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार."

"आता आलंय."

माझ्याकडे बघितलं — गुडघ्यांकडे, मग तोंडाकडे. "मेलीस तर तुझ्यासाठी वाजवणार नाही हं. शवपेटीपुढे ढोल वाजवायला फादर मना करतात."

"मी मेले तर फादरना सांगेन."

३ फेब्रुवारी

कुदळीला नवा दांडा बसवला. ॲशच्या लाकडाचा.

१ मार्च, रविवार

गावकीच्या बैठकीत उठून सांगितलं — मला यंदा रांग हवी.

काय हशा पिकला! सिस्टर क्लोटिल्डने बोर्डिंगच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं — मुलींनो, लोक हसत असतील तर हसणं संपेपर्यंत उभं राहायचं, बसायचं नाही. मी उभी राहिले. हसण्यालाही दम लागतो. संपलं.

मग एकेक सुरू.

"आलोडी, एकाहत्तर वर्षांची झालीस, देवाला बरं वाटावं म्हणून तरी घरी बस."

"देवाने मला बसायला सांगितलं असतं तर तू मला भेटला नसतास. तुझी आई कळा देत होती तेव्हा बर्फातून बसने दवाखान्यात कुणी नेली?"

आता तो हसला नाही. बाकीचे हसले.

ह्याच घाटात मी पिवळी टपालबस चालवली — पहिली बाई. माझ्या पहिल्या फेरीला अर्धं गाव पायी उतरून गेलं होतं, बसमध्ये बसायला नको म्हणून. उतरणीवर मी त्यांच्या शेजारून हळू गेले आणि प्रत्येकाला हॉर्न दिला. आता हे मला कुदळीची भीती घालणार!

बाझिल कारभाऱ्याच्या खुर्चीत. त्याला वाटलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. खाली मान घालून म्हणाला, "नियमात बसत नाही असं नाही. घे रांग." आणि मग, इतकं हळू की मलाच ऐकू आलं — "पण कशाला गं?"

कशाला! विचारतोय!

२१ मार्च, शनिवार

केली! रांग पुरी केली!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी ट्रकमधून सगळे खाली उतरलो. बासऱ्या आणि ढोल पुढे, कुदळी खांद्यावर, मागून आम्ही. वरती आमच्याकडे अजून बर्फ, खाली सिएरला बदामाला फुलं. एर्मिन पण आली — शेजारीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कमरेचं ऑपरेशन झालेली — सुनेचे फुलाफुलांचे हातमोजे घालून! म्हणाली, "तू एकटी गेलीस तर जन्मभर ऐकावं लागेल मला."

मला कुठली रांग दिली? सगळ्यांत वरची. भिंतीखालची, दगडांची, जिथे उभं राहायलाही एक पाय दुसऱ्याहून आखूड लागतो. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांना तेच हवं होतं.

खालून ओरडत होते, "आलोडी, गिअर बदल!"

"तुझ्या रांगेला रिव्हर्स लागलाय, आधी तो काढ!"

दुपारपर्यंत माझी पाठ म्हणजे बिजागरी गंजलेलं दार. वेलांच्या बुंध्यांशी वाकायचं, माती सोडवायची, उलटायची, पुढे. जुने वेल — माझ्या मांडीएवढे जाड, पिळलेले. ही रेझ आता दुसरीकडे फारशी उरली नाही म्हणतात. द्राक्षं थोडी देते आणि तीही कुरकुरत. माझ्याच जातीची!

एर्मिनने अर्धी रांग केली आणि भिंतीवर बसली. रडत होती. कमरेने नाही, रागाने. मी म्हटलं, "माझी होईल. माझी झाली म्हणजे तुझी झाली." खोटं होतं ते. अर्ध्या रांगेला पेला नाही.

पुरुषांच्या रांगा कधीच्या संपल्या होत्या. चीज वितळत होतं, बटाटे, काळा पाव, वाळवलेलं मांस — वास वर येत होता. रीत अशी की रांग संपली की ढोल त्या माणसापाशी येतो. माझ्यासाठी कोण चढणार एवढं? शेवटच्या वेलाची माती उलटली, कुदळीवर रेलले. आणि खालून — व्हिताल काका! ढोल पोटाशी बांधून, कुणाचा हात न धरता वर आले! दम लागलेला. दहा-बारा ठोके वाजवले. ताल चुकला. खाली कुणी हसलं नाही.

बाझिलने पावाचा तुकडा हातात दिला. माझे फोड बघितले. "तू ना..." एवढंच म्हणाला.

२२ मार्च

चमचा उचलत नाही. एर्मिनने भरवलं. दोघी हसून-हसून बेजार.

१० मे, रविवार

झ्युरिचचा हॉटेलवाला आला. ब्रुंडलर नाव. चकचकीत बूट, शेणात गेला. (मी सांगितलं असतं. नाही सांगितलं.) तळघर बघितलं, पिंपावर हात फिरवला, टिचक्या मारल्या, फोटो काढले. बाझिल त्याला प्यायला देतो का ते मी दारातून बघत होते — बाहेरचा माणूस प्यायला असता तर मी तिथेच आरडाओरडा करणार होते! पण त्याने मागितलीच नाही. "चवीचा प्रश्नच नाही," म्हणाला, "लोकांना गोष्ट लागते."

बाझिल जोरजोरात मान डोलवत होता.

लाज वाटली मला त्याची. बाबा असते तर ह्या पोराला त्या पिंपात बुडवला असता. बाबा सणाच्या दिवशी तळघरातून वर यायचे तेव्हा डोळ्यांत पाणी असायचं त्यांच्या. आईने विचारलं की म्हणायचे, "शब्द नाहीत." आम्ही पोरं वासासाठी त्यांच्या कोटाला नाक लावायचो.

८ जून

बाझिल आला. टोपी हातात. बराच वेळ हवेबद्दल, गवताबद्दल बोलला. मग —

"आलोडी, गुरुवारी पेला नको घेऊस. तुझं म्हणणं सभेत मी मांडतो. शब्दाला शब्द. शपथ."

"का रे? मला झेपणार नाही?"

"तसं नाही."

"बायकांच्या ओठांनी वाइन नासते?"

"तसं नाही गं. तू... तुझ्या तोंडावर ताबा नाही."

अस्सं! म्हणजे मी प्यायले तर झिंगून काहीबाही बरळेन! एक पेला! ज्या बाईने सासऱ्याची जर्दाळूची दारू बारशापासून मयतापर्यंत पचवली तिला हा सांगतोय!

"गुरुवारी भेटू, कारभारी," म्हटलं. कारभारी म्हटलेलं त्याला लागलं. लागू दे.

११ जून, ख्रिस्तशरीराचा सण

लिहायचंच आहे. इथे तरी.

मिरवणूक झाली, बंदुकांचे बार झाले, मग रांग कुदळलेले सगळे तळघरात. मी काळा पोशाख घातला होता, आईची रेशमी शाल. गार. ओल्या लाकडाचा, राळेचा वास. फादर, व्हिताल काका, सगळे भिंतीला टेकून. प्यायचं पिंपापाशी, उभ्याने. बाझिलने तोटी सोडली, लाकडी पेला भरला, माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघेना.

प्यायले.

देवा! कडू! आंबट! लार्चची साल व्हिनेगरमध्ये उकळावी आणि त्यात जुना अक्रोड कुजू द्यावा, तसं काहीतरी. जीभ आतल्या आत वळली. घसा म्हणाला, थुंक. डोळ्यांत पाणी आलं.

आणि ते सगळे बघत होते. भिंतीपाशी एक-एक तोंड माझ्या तोंडावर रोखलेलं. आता ही वाकडं करणार. आता म्हणणार, शी! आणि मग वर्षानुवर्षं — "बघितलंत? बायकांना कळत नाही." एर्मिनच्या नातीलाही तेच ऐकवतील.

मी गिळलं. सगळं. पेला पालथा करून दाखवला आणि म्हटलं, "अप्रतिम. आणखी द्या."

 मग व्हिताल काकांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. बाझिल पांढराफटक. त्याने दुसरा पेला भरला. तोही प्यायले.

माझ्याच जिभेत काहीतरी उणं असणार. ह्या लोकांनी जन्मभर प्यायली आहे, त्यांना सवय आहे, कळतं त्यांना. मला कुणी कधी दिलीच नाही तर कळणार कसं? बसथांब्यावरच्या कॉफीवर वाढलेली जीभ. ह्याचाही राग त्यांच्यावरच!

१२ जून

एर्मिन सकाळीच आली. कॉफी होईपर्यंतही धीर नाही.

"कशी होती? सांग ना. माझी अर्धी रांग आहे त्यात."

तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं — मध. वाळवलेले जर्दाळू. शेवटी अक्रोडाची चव, बराच वेळ रेंगाळते. तिने डोळे मिटून घेतले. तिला चव आली! माझ्या तोंडून!

तोंडावर खरं सांगते म्हणून अर्धं गाव माझ्याशी बोलत नाही, आणि आज सख्ख्या मैत्रिणीला जर्दाळू सांगितले. कन्फेशनला जावं, तर फादर स्वतःच तिथे उभे होते. त्यांना काय सांगू — तुमची आवडती वाइन मला ओकारी आणते?

२१ जून, रविवार

जिंकले! पिंप राहिलं!

सभेत उभी राहिले आणि बोलले. ऐकावंच लागलं त्यांना. म्हटलं, "छप्पर गळतंय? फळ्या घाला, मी हातोडी धरते. मी ही वाइन प्यायले आहे. तुम्ही सगळे प्यायलेले आहात. तुम्हाला माहीत आहे ती कशी आहे. मनावर हात ठेवून सांगा, जी चव तुमच्या बापाने तुम्हाला दिली ती तुम्ही दिवा लावून काचेत ठेवणार? ह्याच्यावर ज्याला बोलायचंय त्याने उठून बोलावं!"

एक जण उठला नाही. बाझिलने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मिटलं.

हात वर झाले. पिंप विकायच्या बाजूने पाच. बाकी सगळे आमच्या. एर्मिनने दोन्ही हात वर केले, एक मोजला. ब्रुंडलरला बाझिल कळवणार आहे. बाहेर बायकांनी मला मिठ्या मारल्या. पुढच्या वर्षी सात जणींना रांग हवी आहे!

बाझिल एकटाच वरच्या वाटेने घरी गेला. हरलेला माणूस मी खूप बघितलाय. हा तसा चालत नव्हता. ओझं परत पाठीवर घेतल्यासारखा चालत होता.

२४ जून

आज बाझिल आला. बसला. टोपी टेबलावर. म्हणाला, "आता तरी खरं सांग. कशी लागली?"

मी म्हटलं, "अप्रतिम."

"आलोडी."

उठून दार लावून घेतलं. मग म्हटलं, "बसच्या सीटा धुवायचं पाणी."

त्याने डोळे मिटले. "मलाही. पहिल्या दिवसापासून."

"बाबांना?"

"बाबांनाही. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले — 'बाझिल, मी एक घोटही कधी आवडीने प्यायलो नाही, पण माझ्या बापाच्या देखत कसं म्हणू?' फादर माझ्याकडून नंतर पेपरमिंट मागून घेतात. व्हिताल काका पिताना मनात ताल मोजतात. प्रत्येकाला वाटतं आपलीच जीभ वाईट. मला वाटलं, पिंप काचेत गेलं की सुटलो सगळे. आणि तू एक घोट घेतलास की खरं ओरडशील अशी भीती होती मला. तुला मी ओळखतो म्हणून. मग सभेत तू तसं बोललीस, वाटलं, हिला खरंच आवडली!"

दोघं हसायला लागलो. टेबल धरून. मग थांबलो.

"सात बायकांना रांग द्यायची?" त्याने विचारलं.

"द्यायची. भरून पेला द्यायचा."

"आणि एर्मिनने तोंड वाकडं केलं तर?"

"तर पुढे होऊन तिला मिठी मारेन," म्हटलं. "गावात एक तरी खरं बोलणारी निघाली म्हणून. मला नाही जमलं."